सरोज आंटीची सुट्टी

२७ जानेवारी २०२५, सोमवार. दादर

काल दुपारी मुंबईत पोचले. ही वही खास या प्रवासासाठी घेतली आहे. बडोद्याला आमच्या महिला मंडळात विमलताईंनी सिंगापूरचं प्रवासवर्णन वाचलं, तेव्हापासून माझ्या मनात आहे की आपण मुंबईवर लिहावं. आमच्याकडच्या बायका लग्नाला म्हणून मुंबईला येतात, साड्या घेतात आणि परत जातात. मुंबई कोणी बघत नाही. मी बघणार. इथे कच्चं आणि खरं लिहीन. मंडळात वाचायचं ते नंतर सजवता येईल.

सौमित्र स्वतः स्टेशनवर घ्यायला आला होता. 'आई, आता महिनाभर आराम कर, मुंबई बघ,' म्हणाला. वसंतराव गेल्यापासून त्याला माझी फार काळजी वाटते. घर बाराव्या मजल्यावर, नव्या इमारतीत आहे. मला स्वयंपाकघराच्या पलीकडची खोली दिली आहे. खोली लहान, पण न्हाणीघर स्वतंत्र. वॉशिंग मशीनही तिथेच असल्यामुळे कपड्यांची फार सोय आहे. खिडकी नाही, पण हवा बाहेर फेकणारा पंखा आहे.

एक वाईट योगायोग म्हणजे मनवाला, माझ्या चौदा महिन्यांच्या नातीला, सांभाळणारी बाई नेमकी शनिवारी काम सोडून गेली. मी म्हटलं, बरं झालं मी आले. सौमित्र म्हणाला, 'देवासारखी आलीस.' सूनबाई देविका काही बोलली नाही. ती मुळातच कमी बोलते. माझं येणं तिला फारसं रुचलेलं दिसत नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

मुंबईत आतापर्यंत पाहिलेली स्थळं: मनवाच्या डॉक्टरांचा दवाखाना, कोपऱ्यावरचं दुधाचं दुकान आणि इमारतीची मागची लिफ्ट. बाबागाडी पुढच्या लिफ्टमध्ये नेऊ नका असं वॉचमनचं म्हणणं आहे.

दिवस कसा जातो कळत नाही. सकाळी मनवाची पेज, मग तिची अंघोळ, मग ती झोपली की कुकर, मग ती उठते. देविका आर्किटेक्ट आहे, ती नऊला निघते. सौमित्र म्युच्युअल फंडात आहे, तो घरून काम करतो तेव्हा दार लावून घेतो. संध्याकाळी मी मनवाला शिवाजी पार्कला नेते. तिथे कट्ट्यावर मुंबईची सगळी माणसं बसलेली असतात आणि कोणी कोणाकडे बघत नाही.

आज त्यांच्या खोलीतून देविकाचा आवाज आला. 'हे बरोबर नाही सौमित्र, त्या तुझ्या आई आहेत, तूच बोल त्यांच्याशी.' तो काहीतरी पुटपुटला. माझ्याबद्दल तक्रार असणार. काल वरणात हिंग जास्त पडला होता, तो तिला चालत नाही. उद्यापासून कमी घालीन.

९ फेब्रुवारी, रविवार

आज एक चमत्कारिक गोष्ट घडली.

रविवारी दोघं उशिरा उठतात म्हणून मी सकाळीच मनवाला घेऊन पार्कात गेले. बडोद्याहून माझ्या बहिणीचा फोन आला, तर तिला म्हटलं, नातीला घेऊन कट्ट्यावर बसलेय, मजेत आहे. फोन ठेवला तर शेजारी तीन बायका. चर्चमधून आल्या असाव्यात, एकीच्या डोक्यावर ओढणी होती. त्यातली थोराड बाई माझ्याकडे आणि बाबागाडीकडे बघून हिंदीत म्हणाली, 'नई हो? आज भी बच्चा पकड़ा दिया?'

मला प्रश्न कळायला क्षणभर लागला. मग कळलं. मी साधी सुती साडी नेसले होते, खांद्यावर मनवाचं लाळेरं होतं आणि पायांत सौमित्रच्या रबरी चपला. खरं सांगायला मी तोंड उघडलं, तोच तिनं सरकून मला जागा केली आणि हातातली शेंगांची पुडी पुढे केली. दोन आठवड्यांत या शहरात मला 'बसा' म्हणणारी ही पहिली बाई. मी म्हटलं, 'हां, नई हूँ.'

हिचं नाव असुंता. झारखंडच्या गुमल्याची, प्रभादेवीत एका घरी बावीस वर्षं आहे. दुसरी फुलमनी, तिच्याच गावाकडची, चोवीस-पंचवीसची, सतत मोबाइलमध्ये स्वतःला बघणारी. तिसरी मैनाओ, आसामची, हिंदू कॉलनीत एका आजारी आजींना सांभाळते. ती एक अक्षर बोलली नाही, फक्त माझ्याकडे बघून हसली. मराठी तर सोडाच, तिला हिंदीही धड येत नसावं.

तिघी मालकांच्याच घरी राहून काम करतात आणि रविवारी सुटतात. असुंतानं मला सरळ विचारलं, सुट्टी कधी असते. मी म्हटलं, अजून ठरलेलं नाही. तिनं कपाळाला हात लावला. 'पहले महीने में नहीं माँगा तो फिर कभी नहीं मिलेगा.'

घरी येताना फार अपराधी वाटत होतं. आणि हसूही येत होतं.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज खरं सांगून टाकायचं ठरवून गेले आणि सांगितलं नाही.

रविवारी त्या तिघी आपापल्या मॅडमबद्दल बोलतात. फुलमनीची मॅडम मुलाला सगळं इंग्रजीतून भरवते, म्हणून फुलमनीला फळांची नावं इंग्रजीतून पाठ करावी लागतात. मग माझी पाळी आली. मी सांगितलं की मॅडम हिंगावरून कुरकुर करते, बोलत नाही, आणि टॉवेलांच्या तीन वेगळ्या घड्या घालायला लावते. हे बोलून मला इतकं हलकं वाटलं की मी आणखी दोन गोष्टी रचून सांगितल्या.

'और साहब?' असुंतानं विचारलं.

साहेब चांगला आहे, मी म्हटलं. लहानपणी फार हुशार होता, फक्त गणितात लक्ष नव्हतं, चौथीत स्कॉलरशिप थोडक्यात हुकली.

असुंता आणि मैनाओनं एकमेकींकडे पाहिलं. माझ्या लक्षात आलं की जरा जास्त बोलले. लगेच सावरून म्हटलं, साहेबाची आई सांगत होती. 'अच्छा, साहब की माँ,' असुंता म्हणाली. तिला पटलं. शाळेत तीस वर्षं मुलांची खोटी कारणं ऐकल्याचा असा उपयोग होतो.

मग तिनं मला सुट्टी कशी घ्यायची ते शिकवलं. मागायची नाही, सांगायची. रविवारसाठी गुरुवारी सांगायची, म्हणजे दुसरी सोय करायला वेळ मिळतो आणि भांडायला उरत नाही. मॅडमला सांगायची, साहेबाला नाही, कारण साहेब हो म्हणतो आणि विसरतो. हे मात्र मला मनापासून पटलं. सौमित्रनं मला आतापर्यंत राणीची बाग, म्युझियम आणि एलिफंटा असं तीनदा कबूल केलं आहे.

२० फेब्रुवारी, गुरुवार

सांगितलं. देविका नाश्ता करत होती, तोंडात टोस्ट होता. मी म्हटलं, 'रविवारी मी सकाळी नऊ ते संध्याकाळी सात बाहेर आहे. मुंबई बघायची आहे.' पाठ केलं होतं तसंच सांगितलं.

तिनं घास गिळला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, 'जा ना, आई.' मग थोड्या वेळानं, 'दर रविवारी जा.'

मला वाईट वाटलं. एकदा जाते म्हटलं तर दर रविवारी घराबाहेर जा म्हणते. नाही आवडत मी तिला, दुसरं काय.

२३ फेब्रुवारी, रविवार. शिवडी

(हे मंडळासाठी.) मुंबापुरीच्या पूर्व किनाऱ्यावर, गोद्यांच्या आणि वखारींच्या गर्दीत, दूर देशीचे गुलाबी पाहुणे पाणथळीवर अवतरतात आणि...

(हे माझ्यासाठी.) चिखल. लांबच लांब चिखल, त्याला येणारा वास, आणि पार क्षितिजाशी एक गुलाबी रेघ. फुलमनी म्हणाली की हे फ्लेमिंगो पक्षी आहेत यावर तिचा विश्वास नाही, कोणीतरी चादर वाळत घातली आहे. एका चहावाल्यानं सांगितलं की भरती आली की पक्षी जवळ येतील, थांबा. असुंताला परतायचं होतं. मला प्रवासवर्णन लिहायचं होतं. मी म्हटलं, एवढ्या लांब येऊन चादर बघून जायचं का?

थांबलो. असुंतानं डब्यातून भात आणि चण्याची भाजी काढली, मी थेपले काढले. आमची मॅडम गुजराती आहे का, तिनं विचारलं. मी हो म्हटलं. आता देविका गुजराती झाली.

आणि मग पाणी चढलं. पक्षी एकेक पाऊल टाकत आमच्याकडे सरकू लागले, मान खाली घालून, चिखल चाळत, आपलं काम करत. शेकड्यांनी असतील. मैनाओ सगळ्यात पुढे जाऊन उभी राहिली होती. असुंता हळू आवाजात तिच्या भाषेतलं कुठलंसं गाणं म्हणायला लागली, चर्चचं असावं. मला वसंतरावांची आठवण आली, पण रडू आलं नाही. इतकं चांगलं मला कधी वाटलं होतं ते आठवत नाही.

परत यायला साडेआठ वाजले. देविकानं मनवाला झोपवलं होतं. सौमित्रनं विचारलं, इतका वेळ काय बघत होतीस? मी म्हटलं, चिखल.

९ मार्च, रविवार

गेल्या रविवारी फुलमनी आली नाही, आजही नाही. तिचा फोन बंद आहे. असुंता त्याच रस्त्यावर राहते. तिनं तिथल्या वॉचमनकडून काढलेली बातमी अशी की शिवडीच्या दिवशी उशीर झाला म्हणून मॅडमनं फुलमनीची सुट्टी बंद केली आणि फोन कपाटात ठेवला.

म्हणजे माझ्यामुळे. मी थांबवलं होतं.

शिवाय मैनाओच्या आजी बुधवारी गेल्या. त्यांच्या मुलानं तिला महिनाअखेरपर्यंत राहू दिलंय, मग ती गावी परत जाणार. आज ती कट्ट्यावर नुसती बसून होती. मनवाला आणलं नव्हतं याचं मला वाईट वाटलं. लहान मूल मांडीवर असलं की माणसाला हातांचं काय करावं हा प्रश्न पडत नाही. असुंताचा ईस्टरच्या आधीचा उपासाचा महिना चालू आहे, त्यामुळे ती सगळ्यांवर चिडलेली आहे. मला म्हणाली, तू शिकलेली दिसतेस, तुला इंग्रजी येतं, तू जाऊन बोल. मी म्हटलं, मी एक साधी आया, माझं कोण ऐकणार?

'हां,' ती म्हणाली, 'वो भी है.' आणि माझ्याकडे बघत बसली. ती अशी बघते तेव्हा मला पर्यवेक्षणाला आलेल्या साहेबांची आठवण होते.

१६ मार्च, रविवार

गेले.

निळी इरकल नेसले, चष्मा लावला, आणि हातात फाइल असावी म्हणून माझ्या रक्त-लघवीच्या रिपोर्टांची फाइल घेतली. असुंता आणि मैनाओ खाली थांबल्या. वॉचमनला म्हटलं, फुलमनी मिंजच्या संदर्भात आले आहे. त्यानं वर कळवलं. मी पुढच्या लिफ्टनं गेले.

दार मॅडमनंच उघडलं. ऋग्वेदा नाव, पस्तिशीची, चेहऱ्यावर कसलासा हिरवा लेप. मी काही बोलायच्या आत तिनं विचारलं, 'एजन्सीकडून का?'

मला खरंच कळत नाही की माणसं मला विचारतात तेच मी हो कसं म्हणते. मी हो म्हटलं.

मग मात्र काय झालं कोण जाणे. मी सोफ्यावर बसले आणि आतून तीस वर्षं शाळेत घालवलेली मुख्याध्यापिका उठून बसली. मी तिला विचारलं की फुलमनीची सुट्टी कोणत्या कारणानं बंद केली. ती म्हणाली, ती उशिरा आली, खोटं बोलली, म्हणे पक्षी बघत होते. मी म्हटलं, पक्षीच बघत होत्या. ती म्हणाली, रविवारी माझ्या अर्णवला क्लास असतो, मग माझं जिम असतं, सगळं कोण बघणार? आणि ती तर घरच्यासारखी आहे, तिला सुट्टीची गरजच काय?

'घरच्यासारखी असेल तर तिला फोन परत द्या,' मी म्हटलं. 'घरच्या कोणाचा फोन तुम्ही कपाटात ठेवता?'

तिच्या चेहऱ्यावरचा लेप वाळून तडकायला लागला होता, त्यामुळे तिला फार बोलता येत नव्हतं. मी आवाज न चढवता तिला सांगितलं की ज्या घरात सुट्टी मिळत नाही तिथे आमची एजन्सी पुढे माणूस देत नाही. ही धमकी मला ऐन वेळी सुचली. ती लगेच उठली, फोन आणून दिला, आणि पुढच्या रविवारपासून नऊ ते सात असं कबूल केलं. फुलमनी दाराआडून ऐकत होती. तिनं तोंडावर ओढणी दाबून धरली होती.

निघताना ऋग्वेदा म्हणाली, तिच्या आईसाठीही एक बाई हवी आहे, तुमचा नंबर द्या. मी दिला. बाहेर आल्यावर लक्षात आलं की खोटा द्यायला हवा होता. पण नंबर खोटा कसा सांगतात ते मला माहीत नाही.

खाली येऊन सांगितलं तेव्हा असुंतानं भर फुटपाथवर मला मिठी मारली. त्या फाइलमधली माझी साखर मात्र तिनं वाचली आणि मला जलेबी घेऊ दिली नाही.

२४ मार्च, सोमवार

काल फुलमनी आली. चारही जणी पुन्हा कट्ट्यावर. येत्या रविवारी मैनाओची संध्याकाळची गाडी आहे, तर दुपारी गिरगाव चौपाटीवर तिला निरोप द्यायचा असं ठरलं.

आणि आज सौमित्रनं सांगितलं की रविवारी पाडवा आहे, देविकाचे आईबाबा आणि दोन-तीन मित्रमंडळी जेवायला येणार. 'आई, तुझं वालाचं बिरडं होऊ दे. आणि श्रीखंड घरचं.' देविका म्हणाली, बाहेरून मागवू. तो म्हणाला, आई असताना बाहेरून? देविका पुन्हा म्हणाली, रविवार आहे. तो म्हणाला, म्हणूनच तर सगळे येऊ शकतात.

देविकाला माझ्या हातचं लोकांना द्यायची लाज वाटत असावी.

मी हो म्हटलं. सणाला नाही कसं म्हणणार? असुंताला फोन करून सांगितलं की मॅडमकडे कार्यक्रम आहे. ती म्हणाली, ज्या दिवशी आपलं काही असतं त्याच दिवशी मॅडमकडे कार्यक्रम असतो, बावीस वर्षं बघतेय. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

३० मार्च, रविवार. गुढीपाडवा

आजचं आजच लिहिते.

सकाळी गुढी उभारली. बिरड्याचे वाल परवापासून भिजवून, मोड आणून, काल संध्याकाळी एकटीनं सोलले होते. बाराच्या सुमाराला देविकाचे वडील अच्युतराव आणि आई सुमतीबाई आल्या. मग देविकाची कॉलेजातली मैत्रीण येणार होती. मी पुऱ्या तळत होते. बेल वाजली, हॉलमध्ये बोलणं झालं, आणि एक बाई पाणी घ्यायला थेट स्वयंपाकघरात आली.

ऋग्वेदा. या वेळी लेप नव्हता, पण मी ओळखलं. तिच्या मागे तिच्या मुलाला कडेवर घेऊन फुलमनी; सणामुळे तिची आजची सुट्टी बुडालेली दिसली.

'अय्या, एजन्सीच्या मॅडम,' ऋग्वेदा म्हणाली. मग माझ्या हातातल्या झाऱ्याकडे पाहून, 'तुम्ही केटरिंग पण करता?'

देविका तिच्यामागून आली आणि म्हणाली, 'या माझ्या सासूबाई.'

यानंतर सगळे स्वयंपाकघराच्या दारात जमले. ऋग्वेदानं सगळ्यांना सांगितलं की मी नोकर पुरवणारी संस्था चालवते आणि फार कडक आहे. सौमित्र माझ्याकडे असं बघत होता की जणू मी बडोद्याहून कोणा दुसऱ्याच्या घरी आले आहे. अच्युतरावांना ऐकायला कमी येतं. त्यांना एवढंच कळलं की मी काही व्यवसाय सुरू केला आहे, आणि त्यांनी या वयात असा उत्साह दाखवल्याबद्दल माझं अभिनंदन केलं.

मी गॅस बंद केला. म्हटलं, माझी कुठलीही एजन्सी नाही. मग फुलमनीकडे वळले, कारण मला खरी भीती तिचीच वाटत होती. तिला हिंदीत म्हटलं की मी तुमच्याशी खोटं बोलले, मी आया नाही, मनवा माझी नात आहे.

'मालूम है, आंटी,' फुलमनी म्हणाली. 'पहले दिन से.'

मी विचारलं, कसं? तर मैनाओला मराठी सगळं समजतं. सहा वर्षं त्या आजी तिच्याशी मराठीशिवाय दुसरं काही बोलल्याच नव्हत्या. पहिल्या दिवशी मी बहिणीला फोनवर 'नातीला घेऊन बसलेय' म्हटलं, तेव्हाच तिनं बाकीच्यांना सांगितलं होतं.

'मग बोलला का नाहीत?'

फुलमनी जरा घुटमळली. समोर तिची मॅडम होती, माझा मुलगा होता. पण विचारलं की ती उत्तर देते. 'असुंता दीदी बोली, दादी का काम भी काम है. पगार नहीं, छुट्टी नहीं, छोड़ भी नहीं सकते. इसलिए बेचारी झूठ बोलती है, बोलने दो.'

सुमतीबाईंनी पदर नीट केला. ऋग्वेदाला एकाएकी पाण्याच्या ग्लासात काहीतरी दिसलं. सौमित्र म्हणाला, 'आई, असं काय... तू सांगायचं नाहीस का?'

उत्तर देविकानं दिलं. 'मी सांगत होते. पहिल्या आठवड्यापासून तुला सांगत होते.'

म्हणजे त्यांच्या खोलीतून ऐकू आलं होतं ते हे. हिंगाचं काय मग? पण ते विचारायची ती वेळ नव्हती. तिनं पुढे येऊन माझ्या हातातला झारा काढून घेतला आणि म्हणाली, 'आज रविवार आहे ना, आई? तुम्हाला कुठे जायचं होतं?'

मी सांगितलं. तिनं फुलमनीलाही विचारलं, हिलाही जायचंय का? ऋग्वेदा म्हणाली, अर्णवला कोण बघेल? देविकानं अर्णवला फुलमनीच्या कडेवरून उचलून ऋग्वेदाच्या कडेवर दिलं आणि सौमित्रला पुऱ्या तळायला उभं केलं. त्याची पहिली पुरी फुगली नाही. हे मी लिफ्टकडे जाताना पाहिलं, आणि खोटं कशाला बोलू, आत परत जावंसं वाटलं. फुलमनीनं माझा दंड धरला.

चौपाटीवर असुंता आणि मैनाओ सावलीला बसल्या होत्या. वाळू तापलेली होती. मैनाओजवळ एक ट्रंक आणि एक पिशवी, सहा वर्षांचं सगळं सामान. मला बघताच ती स्पष्ट, शुद्ध, जुन्या दादरच्या मराठीत म्हणाली, 'उशीर केलात. मला वाटलं येत नाही आता तुम्ही.'

मला हसावं की रडावं कळेना. मग दोन तास ती बोलत होती. आजींबद्दल. त्या शेवटी तिला त्यांची धाकटी बहीण समजायच्या, आणि ती तशी वागायची. हे खोटं आहे असं तिला कधी वाटलं नाही. टॅक्सीत बसताना मी म्हटलं, जा, सांभाळून जा. तिनं मान हलवली. 'जाते म्हणायचं नाही. आजी रागवायच्या. येते.'

टॅक्सी वळेपर्यंत आम्ही तिघी उभ्या होतो. असुंता म्हणाली, डोळ्यांत वाळू गेली. तिघींच्या गेली होती.

२ एप्रिल, बुधवार

सौमित्र दोन दिवस माझ्याशी फार गोड बोलतोय, म्हणजे त्याला लाज वाटते आहे. लहानपणी काच फोडली की असाच बोलायचा. आज म्हणाला की मनवासाठी पूर्ण वेळ बाई ठेवायची, आणि तुझी ती असुंता येईल का? ती काम करते त्या घरची मुलं आता मोठी झालीत, ती नवी जागा शोधते आहे हे मीच सांगितलं होतं.

देविका ऑफिसातून लवकर आली आणि माझ्या खोलीत येऊन बसली. पहिल्यांदाच. पंख्याकडे बघत म्हणाली, 'ही खोली तुम्हाला द्यायची नाही म्हणून भांडले होते. पण भांडून गप्प बसले. चुकलंच.' मी विचारलं, तुला हिंग आवडतो का? तिला कळलं नाही मी काय विचारतेय. म्हणाली, हो, का?

उद्यापासून मी पुढच्या खोलीत.

६ एप्रिल, रविवार

असुंतानं सौमित्रची मुलाखत घेतली, कट्ट्यावर. मी मध्ये बसले होते, पण असुंताच्या बाजूला सरकून.

तिनं विचारलं, खोलीला खिडकी आहे का, जेवण कोण आधी जेवतं, लिफ्ट कुठली, आजारी पडलं तर काय. सौमित्रनं सगळ्याची चांगली उत्तरं दिली. मला अभिमान वाटला. शेवटी तो हसून म्हणाला, 'आप बस अपना घर समझिए.'

असुंता उठली, त्याला नमस्कार केला आणि म्हणाली की विचार करून सांगते. तो गेल्यावर मला म्हणाली, नाही येणार. माणूस चांगला आहे. पण जिथे 'घर समझो' म्हणतात तिथे सुट्टी मिळत नाही.

मी सौमित्रला सांगितलं की तिला दुसरीकडे जागा मिळाली. आणखी एक खोटं. पण आईचं काम आहे ते.

१३ एप्रिल, रविवार

देविकानं दिवसा येणारी एक बाई शोधली आहे, भोईवाड्यातली, सोमवार ते शनिवार. ती उद्यापासून येणार. माझं बडोद्याचं तिकीट पुढे ढकलत ढकलत आता पुढच्या महिन्यातलं झालं आहे. मी ते आणखी पुढे ढकलायचा विचार करतेय, पण अजून कोणाला सांगितलेलं नाही.

आज ईस्टरच्या आधीचा झावळ्यांचा रविवार, त्यामुळे असुंता आणि फुलमनी चर्चमधून हातात माडाची पाती घेऊन आल्या. आम्ही लालबागला जाऊन असुंताच्या आवडीचा मसाला कुटून घेतला, शिंकून शिंकून बेजार झालो, आणि परत येऊन कट्ट्यावर बसलो तोच माझा फोन वाजला. सौमित्र. देविका साइटवर गेली आहे, मनवा मघापासून रडतेय, पेज खात नाही, झोपत नाही, आई काय करू?

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. असुंतानं माझ्या हातातून मोबाइल काढून घेतला आणि आपल्या कानाला लावला.

'मैडम छुट्टी पे है,' ती म्हणाली. 'सोमवार को फोन करना.' आणि बंद केला.

मी म्हटलं, अगं, तो माझा मुलगा आहे.

'वही तो,' ती म्हणाली, आणि मोबाइल तिनं स्वतःच्या पर्समध्ये टाकून चेन ओढली. संध्याकाळी सात वाजता परत दिला.